परदेशी पाठवणाऱ्याचा परवाना कोण तपासणार?

जुनी मोटारसायकल घेताना आपण आरसी बुक मागतो. गाडीवर कर्ज आहे का, दंडाची चलने थकली आहेत का, हे मोबाइलवर नंबर टाकून बघतो. ओळखीच्या मेकॅनिकला सोबत नेतो. व्यवहार पन्नास-साठ हजारांचा असतो. त्याच घरातला मुलगा कॅनडाला किंवा दुबईला निघतो, तेव्हा मात्र काही लाख रुपये, मूळ गुणपत्रिका आणि पासपोर्ट एका माणसाच्या टेबलावर ठेवले जातात. त्या माणसाला हे काम करण्याचा अधिकार कोणी दिला, हे कोणी विचारत नाही. विचारलेच तर उत्तर ठरलेले असते : "अमक्याच्या मुलाला यांनीच पाठवले."

त्या न विचारलेल्या प्रश्नाबद्दल आज लिहायचे आहे. परदेशात जावे की नाही, हा ज्याचा त्याचा निर्णय. कोकणातल्या कित्येक मुस्लिम घरांची चूल दोन-तीन पिढ्या आखातातल्या पगारावर पेटत आली आहे. आता इंजिनिअरिंग, फार्मसी, नर्सिंग शिकलेली मुले-मुली कॅनडा, ऑस्ट्रेलिया, ब्रिटनकडे बघत आहेत. त्यांना अडवण्याचे काही कारण नाही. पण ज्याच्या हाती कागद सोपवायचे त्याची नोंद तपासायला फार तर पंधरा मिनिटे लागतात आणि पैसे अजिबात लागत नाहीत. ही पंधरा मिनिटे आपल्याकडे कोणी देत नाही, आणि फसवणाऱ्याचा सगळा धंदा त्यावरच चालतो.

नुकसान फक्त पैशांचे नसते

एजंटने फसवले म्हणजे पैसे बुडाले, एवढेच आपण धरून चालतो. पैसे बुडाले तर ते पुन्हा कमावता येतात. पण व्हिसाचा अर्ज कन्सल्टंटच्या नावाने जात नाही, तो तुमच्या नावाने जातो. त्यात नोकरीचे खोटे प्रमाणपत्र जोडले गेले, बँकेत नसलेली रक्कम दाखवली गेली, तर त्या देशाच्या दफ्तरात खोटे बोलणारे तुम्ही ठरता. कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याचे कलम ४० याच विषयाचे आहे. चुकीची माहिती दिल्याचे ठरले, तर पाच वर्षे त्या देशाचे दार बंद होते. "फॉर्म एजंटने भरला, मला माहीत नव्हते" हे कारण तिथे सहसा चालत नाही, कारण अर्जातले सगळे खरे आहे असे तुम्हीच लिहून दिलेले असते. पुढे दुसऱ्या देशाचा अर्ज भरताना "यापूर्वी व्हिसा नाकारला गेला आहे का?" हा रकाना येतो, आणि तिथेही ते लिहावे लागते.

२०२३ मध्ये कॅनडात गाजलेले प्रकरण आठवा. मुख्यतः पंजाबमधून गेलेल्या विद्यार्थ्यांच्या हातात कॉलेजप्रवेशाची पत्रे होती. त्या पत्रांवर व्हिसा मिळाला. विमानतळावर उतरल्यावर त्यांना एजंटचा निरोप आला : तिथल्या जागा भरल्या आहेत, दुसऱ्या कॉलेजात नाव घाला. त्यांनी घातले. अभ्यास केला, पदवी घेतली, नोकरीला लागले. काही वर्षांनी कायम रहिवासासाठी अर्ज केला, तेव्हा कळले की ते पहिले पत्रच बनावट होते. शिकून सवरून कर भरणाऱ्या मुलांच्या हाती देश सोडण्याच्या नोटिसा आल्या. मोठे आंदोलन झाले. त्या वर्षी जूनमध्ये तिथल्या मंत्र्यांनी प्रत्येक प्रकरण वेगळे तपासण्यासाठी पथक नेमले आणि खरोखर शिकायला आलेल्यांना तात्पुरते थांबता येईल असे सांगितले. जालंधरमधून हा धंदा चालवणाऱ्या एजंटला २०२४ मध्ये कॅनडातल्या न्यायालयाने तीन वर्षांची शिक्षा दिली. पण त्या मुलांची मध्ये गेलेली वर्षे, ती झोप उडालेली घरे, यांची भरपाई कोणत्याही निकालात नसते.

या प्रकरणानंतर कॅनडा सरकारने काय केले, हे आपल्यासाठी जास्त महत्त्वाचे आहे. १ डिसेंबर २०२३ पासून विद्यार्थ्याने जोडलेले प्रवेशपत्र तसेच मान्य करणे बंद झाले. आता ते पत्र खरे आहे का, हे सरकार थेट कॉलेजला विचारते. म्हणजे एवढ्या मोठ्या यंत्रणेलाही समजले की कागद कितीही चांगला दिसला तरी तो ज्याने दिला त्याला विचारल्याशिवाय खरा धरायचा नाही. आपल्यालाही नेमके हेच शिकायचे आहे.

भिंतीवरचे कागद काय सांगतात?

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्या कामात एक साधा नियम आहे. एखादा जण "मी अमुक आहे" म्हणाला, तर ते खरे आहे का हे त्यालाच विचारायचे नसते. तुम्ही बँकेची वेबसाइट उघडता तेव्हा ब्राउझर त्या वेबसाइटच्या शब्दावर विसंबत नाही. दोघांनाही बाहेरची अशी एक संस्था तिची ओळख प्रमाणित करते, आणि ब्राउझर ते प्रमाणपत्र तपासतो. त्याची मुदत संपली असेल तर तो तुम्हाला थांबवतो. कन्सल्टंटच्या बाबतीत हे काम तुम्हाला स्वतः करायचे आहे.

कन्सल्टंटच्या ऑफिसात बसल्यावर भिंतीकडे बघा. जीएसटीचे प्रमाणपत्र असते. त्याचा अर्थ, हा माणूस कराच्या दफ्तरात आहे. गुमास्ता असतो. त्याचा अर्थ, इथे दुकान आहे. कंपनी नोंदणीचा कागद असतो. त्याचा अर्थ, या नावाची कंपनी आहे. कोणत्या तरी संस्थेचे 'बेस्ट कन्सल्टंट' असे सन्मानचिन्ह असते, नगरसेवकाबरोबरचा फोटो असतो, आणि बर्फात उभ्या असलेल्या हसऱ्या मुलांचे फोटो असतात. यातले सगळे खरे असू शकते. तरी यातला एकही कागद "या माणसाला कॅनडाच्या इमिग्रेशनबद्दल सल्ला देण्याचा अधिकार आहे" असे म्हणत नाही.

इथे दोन वेगळे धंदे आहेत, हे लक्षात घ्यायला हवे. पहिला, परदेशात नोकरीला माणसे पाठवण्याचा. त्यासाठी भारतात १९८३ चा एमिग्रेशन कायदा आहे, आणि परराष्ट्र मंत्रालयाकडून नोंदणीचे प्रमाणपत्र घेतल्याशिवाय भरतीचे काम करणे गुन्हा आहे. दुसरा धंदा म्हणजे पीआर, शिक्षणाचा व्हिसा, कुटुंबाला बोलावण्याचा व्हिसा याबद्दल सल्ला देण्याचा. १९८३ चा कायदा भरतीपुरता आहे, हा सल्ला त्यात येत नाही. पंजाबने २०१२ मध्ये स्वतःचा कायदा करून अशा सल्लागारांना परवाना सक्तीचा केला. तेव्हा "आमच्याकडे भारत सरकारचे लायसन्स आहे" असे कोणी म्हणाले, तर लगेच विचारा : कशाचे? आखातात गवंडी, वेल्डर पाठवण्याचे लायसन्स कॅनडाच्या पीआरला उपयोगाचे नाही. त्या सल्ल्याचा अधिकार कॅनडाच देतो.

कॅनडाचा कन्सल्टंट कसा तपासावा?

कॅनडाचा कायदा याबाबत स्पष्ट आहे. इमिग्रेशन कायद्याच्या कलम ९१ नुसार मोबदला घेऊन सल्ला देण्याचा किंवा अर्जदाराच्या वतीने काम करण्याचा अधिकार मोजक्याच लोकांना आहे. तिथल्या प्रांतांच्या वकील संघटनांचे सदस्य असलेले वकील, क्युबेकचे नोटरी, ओंटारिओत परवाना असलेले पॅरालीगल, आणि 'कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्स' या नियामक संस्थेचे परवानाधारक कन्सल्टंट. नावात कॉलेज असले तरी तिथे वर्ग भरत नाहीत. आपल्याकडे डॉक्टरांची नोंद ठेवणारी मेडिकल कौन्सिल असते, तशीच ही संस्था. ती नोव्हेंबर २०२१ मध्ये सुरू झाली. तिच्या परवानाधारकांना आरसीआयसी म्हणतात. चुलतभावाने फुकट सल्ला दिला तर त्याला परवाना लागत नाही. मोबदला आला, मग तो थेट असो वा आडून, की परवाना हवा.

तपासणी अशी करा.

पहिले, कन्सल्टंटकडून त्याचे पूर्ण नाव आणि परवाना क्रमांक लिहून घ्या. आरसीआयसीचा क्रमांक 'आर' या इंग्रजी अक्षराने सुरू होतो आणि पुढे सहा आकडे असतात. क्रमांक सांगायला जो टाळाटाळ करतो, त्याच्याबाबतीत तपासणी तिथेच संपली.

दुसरे, कॉलेजची वेबसाइट स्वतः शोधून उघडा. कन्सल्टंटने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या लिंकवरून किंवा त्याच्या कार्डावरच्या क्यूआर कोडवरून जाऊ नका. हुबेहूब दिसणारे पान बनवायला आमच्या धंद्यातल्या माणसाला एक दुपार पुरते. कॅनडा सरकारच्या इमिग्रेशन खात्याच्या वेबसाइटवर जा आणि तिथून कॉलेजच्या सार्वजनिक नोंदवहीकडे वळा. हा रस्ता सुरक्षित आहे.

तिसरे, नोंदवहीत नाव सापडले म्हणून थांबू नका. परवाना चालू आहे का, निलंबित आहे का, रद्द झाला आहे का, त्या माणसाला सध्या काम करण्याचा अधिकार आहे का, हे तिथे लिहिलेले असते. परवान्याचा प्रकारही बघा. काही परवाने फक्त विद्यार्थ्यांना सल्ला देण्यापुरते असतात, तर निर्वासितांच्या सुनावणीसाठी वेगळी पात्रता लागते.

चौथे, नोंदवहीत जो संपर्क दिला आहे, त्यावर स्वतः ईमेल करा : "अमुक शहरातले अमुक ऑफिस तुमच्या नावाने काम करते. हे खरे आहे का? माझी फाइल तुम्ही स्वतः बघणार आहात का?" हे पत्र सर्वांत जास्त उपयोगाचे आहे. कारण आता फसवणूक बहुतेक वेळा खोट्या क्रमांकाने होत नाही, उसन्या क्रमांकाने होते.

उसना नंबर

"आमचे पार्टनर टोरांटोत आहेत, ते आरसीआयसी आहेत." हे वाक्य आपल्या शहरांतल्या कित्येक ऑफिसांत ऐकू येते. नोंदवहीत नाव सापडते, परवानाही चालू असतो. पण परवाना माणसाचा असतो, पाटीचा नसतो. टोरांटोतल्या माणसाचा परवाना आहे म्हणून पुण्याच्या किंवा औरंगाबादच्या ऑफिसातला काउन्सेलर सल्लागार होत नाही. कधीकधी त्या पार्टनरला आपले नाव वापरले जात आहे याचा पत्ताही नसतो.

यावर उपाय दोन कागदांत आहे. पहिला कागद, सेवेचा लेखी करार. परवानाधारकाने काम सुरू करण्याआधी लेखी करार करावा असे कॉलेजचे नियम सांगतात. त्यात कामाचे स्वरूप, फी आणि सही करणाऱ्याचा परवाना क्रमांक असायला हवा. करारावर त्या टोरांटोच्या माणसाची सही नसेल, आणि फक्त इथल्या कंपनीचा शिक्का असेल, तर तुमचा करार परवानाधारकाशी झालेलाच नाही.

दुसरा कागद म्हणजे प्रतिनिधी नेमल्याचा फॉर्म. त्याचा क्रमांक आयएमएम ५४७६. मोबदला घेणारा प्रतिनिधी असेल, तर त्याचे नाव कॅनडा सरकारला कळवावे लागते. आता असा कन्सल्टंट डोळ्यांसमोर आणा, जो पैसे घेतो, सगळे फॉर्म भरतो आणि म्हणतो, "माझे नाव टाकू नका, तुम्ही स्वतःच अर्ज केला असे दाखवू, काम लवकर होते." काम त्याने लवकर होत नाही. फक्त तो अदृश्य होतो. कॅनडात अशांना भूत-कन्सल्टंट म्हणतात. अर्ज फेटाळला गेला, खोटेपणा उघड झाला, तरी दफ्तरात त्याचे नाव कुठेच नसते.

बाकीचे देश

प्रत्येक देशाची नोंदवही वेगळी आहे, आणि कायद्याचा हातही सारखा लांब नाही. न्यूझीलंडचा २००७ चा कायदा जगात कुठेही बसून त्या देशाच्या इमिग्रेशनचा सल्ला देणाऱ्याला लागू होतो. वकिलांना त्यातून सूट आहे, आणि देशाबाहेरून फक्त विद्यार्थी व्हिसाचा सल्ला देणाऱ्यांनाही. ऑस्ट्रेलियात मायग्रेशन एजंटांची सरकारी नोंदवही आहे, आणि प्रत्येकाला सात आकडी क्रमांक असतो. ब्रिटनमध्ये हे काम 'इमिग्रेशन अ‍ॅडव्हाइस अथॉरिटी' बघते. जानेवारी २०२५ पर्यंत तिचे नाव वेगळे होते, त्यामुळे जुन्या संक्षेपाचा बोर्ड अजून मिरवणाऱ्याला दोन प्रश्न जास्त विचारा.

यातली खोच अशी की ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटनची सक्ती त्या देशात काम करणाऱ्यांवर आहे. भारतात बसलेला माणूस "मला लायसन्सची गरज नाही" म्हणाला, तर तो खोटे बोलत असेलच असे नाही. पण त्याचा अर्थ तुम्ही समजून घ्या. उद्या त्याने घोळ घातला तर तक्रार ऐकणारी तिकडची कोणतीही संस्था तुमच्या मागे नसेल. म्हणून इथल्या ऑफिसात जायचे असले, तरी तिथल्या नोंदवहीत नाव असलेलाच माणूस निवडा.

माझ्या क्षेत्रातल्या मुलांसाठी एक गोष्ट वेगळी सांगतो. अमेरिकेच्या एच-१बी व्हिसाचा अर्ज उमेदवार करत नाही, नोकरी देणारी कंपनी करते. तेव्हा पैसे घेऊन 'एच-१बी काढून देणारा' कन्सल्टंट नेमके काय विकतो आहे, याचा विचार करा. कॅनडातही नोकरीचे पत्र 'विकत' मिळवून देण्याचा मोठा धंदा होता. त्या पत्राने एक्स्प्रेस एन्ट्रीत गुण वाढत. मार्च २०२५ पासून ते गुण देणेच कॅनडाने बंद केले. आजही कोणी "गुण वाढवून देणारे जॉब लेटर" विकत असेल, तर तो नसलेली वस्तू विकत आहे.

आखाताची वाट

आपल्या वाचकांच्या घरांतून सर्वाधिक माणसे आजही आखातात जातात. तिथे तपासायची नोंदवही भारत सरकारची आहे : परराष्ट्र मंत्रालयाचे ई-मायग्रेट पोर्टल. नोंदणीकृत भरती एजंटांची यादी तिथे आहे. कोणाचे प्रमाणपत्र चालू, कोणाचे निलंबित, कोणाचे रद्द, हे त्यात दिसते. बेकायदा एजंटांची यादीही मंत्रालय देते. एजंटच्या जाहिरातीत नोंदणी क्रमांक नसेल तर ती जाहिरात पुढे पाठवू नका.

तीन गोष्टी लक्षात ठेवा. एक, नोंदणीकृत एजंट कामगाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी घेऊ शकतो. म्हणजे ३५,४०० रुपये, आणि त्याची पावती. लाख-दीड लाख मागणारा माणूस, कितीही जवळचा असला तरी, कायदा मोडतो आहे. दोन, गावात फिरून पासपोर्ट गोळा करणाऱ्या उपएजंटाला कायद्यात स्थान नाही. "मुंबईचे मोठे ऑफिस आमचेच" म्हणणाऱ्याला बाजूला ठेवून त्या मोठ्या ऑफिसला थेट विचारा. तीन, "आत्ता व्हिजिट व्हिसावर जा, तिथे गेल्यावर बदलून घेऊ" हे ऐकले की उठा. व्हिजिट व्हिसावर काम करणारा माणूस तिथे पगारासाठी भांडू शकत नाही, कारण तो कामगार आहे याचा पुरावाच नसतो.

शिकलेल्यांनी आपल्याला हे लागू नाही असे समजू नये. सप्टेंबर २०२२ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाला खास आयटीतल्या तरुणांसाठी इशारा काढावा लागला. थायलंडमध्ये डिजिटल मार्केटिंगच्या नोकऱ्या दाखवून मुलांना म्यानमारमध्ये नेले जात होते आणि ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांवर डांबून कामाला लावले जात होते. संगणक येणे आणि कागद पडताळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

नोंद खरी निघाल्यावर

परवाना असणे म्हणजे चारित्र्याचा दाखला नव्हे. परवाना असलेले डॉक्टरही चुकतात. फरक एवढाच की परवानाधारकाची तक्रार कुठे करायची हे ठरलेले असते. म्हणून नोंद जुळल्यावरही काही पथ्ये पाळा.

निकालाची हमी देणाऱ्याकडे जाऊ नका. व्हिसा देणे न देणे त्या देशाच्या अधिकाऱ्याच्या हातात असते, आणि कॅनडाच्या परवानाधारकांना तर अशी हमी देण्यास त्यांचे नियमच मनाई करतात. 'शंभर टक्के व्हिसा' ही पाटी त्या माणसाबद्दल पुरेसे सांगते. "एम्बसीत आमची ओळख आहे", "व्हीएफएसमध्ये सेटिंग आहे" हे त्याच जातीचे. व्हीएफएस कागद घेऊन पुढे पाठवते, निर्णय घेत नाही.

कोऱ्या फॉर्मवर सही करू नका. अर्जाच्या खात्याचा ईमेल आणि पासवर्ड स्वतःचा ठेवा. कन्सल्टंटने स्वतःच बनवलेल्या ईमेलवर तुमचा पत्रव्यवहार चालू असेल, तर सरकारने तुम्हाला काय विचारले आणि तुमच्या नावाने काय उत्तर गेले, हे तुम्हाला कधीच कळणार नाही. अर्ज पाठवण्याआधी प्रत्येक पान वाचा. इंग्रजी अवघड वाटत असेल तर वाचून दाखवणारा माणूस शोधा, पण न वाचता पाठवू नका. मूळ कागदपत्रे ठेवून येऊ नका. पैसे बँकेतून द्या, टप्प्याटप्प्याने द्या आणि पावती घ्या.

आणि हेही माहीत असू द्या की कन्सल्टंट सक्तीचा नाही. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, ब्रिटन यांचे अर्ज आणि मार्गदर्शिका सरकारी वेबसाइटवर फुकट असतात. कन्सल्टंटमार्फत आलेल्या अर्जाला वेगळी रांग नसते. ज्याचे प्रकरण सरळ आहे, त्याने स्वतः वाचून अर्ज केला तर काही बिघडत नाही. ज्याचा व्हिसा आधी नाकारला गेला आहे, शिक्षणात मोठा खंड आहे, कोर्टात प्रकरण आहे, त्याने मात्र चांगला परवानाधारक किंवा वकील जरूर शोधावा.

विश्वास आपला, वापर त्यांचा

आता जरा आपल्याकडे बघू. फसवणारा माणूस अनोळखी म्हणून येत नाही. तो ओळखीतून येतो. गावच्या जमातीतला असतो, बहिणीच्या सासरचा असतो, मोहल्ल्यातल्या मुलांच्या क्रिकेट स्पर्धेचा प्रायोजक असतो. करिअर मार्गदर्शन शिबिरासाठी हॉलचे भाडे तो देतो आणि बदल्यात व्यासपीठावर दहा मिनिटे घेतो. त्या दहा मिनिटांत त्याला आपल्या संस्थेचे नाव मिळते, आणि पालकांना वाटते की संस्थेने याला पारखले असेल. संस्थेने फक्त चेक पारखलेला असतो.

म्हणून आपल्या संस्थांना, वाचनालयांना, महिला मंडळांना, माजी विद्यार्थी संघांना आमचे एक मागणे आहे. कोणत्याही कन्सल्टंटला व्यासपीठ, भिंत किंवा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप देण्याआधी त्याचा परवाना क्रमांक मागा, नोंदवहीत तपासा, आणि तपासल्याची तारीख जाहीर करा. ज्यांच्याकडे लॅपटॉप आहे अशा आपल्या मुलामुलींनी महिन्यातली एक संध्याकाळ वाचनालयात बसावे. कोणीही यावे, नाव आणि क्रमांक सांगावा, नोंद बघून घ्यावी. सल्ला द्यायचा नाही, फॉर्म भरायचे नाहीत, फक्त नोंदवही वाचून दाखवायची. याला निधी लागत नाही, परवानगीही लागत नाही.

याची सर्वांत जास्त गरज त्या आईला आहे जी दागिने गहाण ठेवते आणि जिला इंग्रजी नोंदवही वाचता येत नाही. तिला एवढे तरी विचारता यायला हवे : तुमचे नाव काय, नंबर काय, आणि तो कोणत्या देशाने दिला? या तीन प्रश्नांना शिक्षण लागत नाही. प्रामाणिक सल्लागाराला ते अपमानाचे वाटत नाहीत, तो स्वतःहून क्रमांक पुढे करतो. ज्याला राग येतो, त्याने उत्तर दिलेले असते.

आणि जे फसले आहेत त्यांच्याबद्दल. आपल्याकडे अशा घराची कुजबुज होते, "एवढे शिकून फसला" असे म्हटले जाते, आणि लाजेपोटी तक्रार होत नाही. त्यामुळे तोच माणूस शेजारच्या तालुक्यात नवी पाटी लावतो. तक्रार करा. पैसे ऑनलाइन गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा. पोलिसांत फसवणुकीचा गुन्हा नोंदवा, तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये येतो. भरती एजंट असेल तर प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सच्या कार्यालयात किंवा ई-मायग्रेटवर तक्रार द्या. पैसे घेऊन सेवा दिली नाही तर ग्राहक आयोग आहे. परवानाधारक असेल तर त्याच्या देशातल्या नियामकाला लिहा, त्यासाठी तिथे जावे लागत नाही. करार, पावत्या, चॅट, सगळे जपून ठेवा. पैसे परत मिळतीलच असे नाही. पण तुमची तक्रार दफ्तरात असली, तर पुढचे घर तपासायला जाईल तेव्हा त्याला काहीतरी सापडेल.